गाढवाची कंबर

जनावरं बोलायची आणि माणसं ऐकूनही घ्यायची, त्या काळातली ही गोष्ट. रखमाजी कुंभाराच्या गाढवाला मान वर करता येईना. रखमाजीनं महिनाभर मानेला तेल चोळलं, पण गुण येईना.

"उद्या तुला माळावर सोडून देतो," तो वैतागून म्हणाला.

गाढवाच्या पाठीवर गोचीड टिपणारी साळुंकी खेकसली, "अरे शहाण्या, जरा कमरेला हात लाव की!"

रखमाजीनं कमरेवर बोट दाबलं, तसं गाढव कळवळलं.

"मातीची गोणी तू नेहमी ढुंगणाकडं टाकतोस," साळुंकी म्हणाली. " कमरेचे मणके झिजले. मग तोल सांभाळायला ह्यानं मान पुढं ताणली, तीही झिजली. कणा एकच असतो रे!"

"मग तू का बोलला नाहीस?" रखमाजीनं गाढवाला विचारलं.

"मालक, मानेला तरी मायेनं तेल लावत होता. जास्त कसं मागू?"

रखमाजीनं गोणी अर्धी रिकामी केली आणि पाठीच्या मध्यावर ठेवली. उरलेली माती स्वतःच्या डोक्यावर घेतली. झिजलेलं हाड काही भरून येत नाही, कुणी काहीही सांगो. पण गाढव माळावर गेलं नाही.

"इतकी वर्षं माझं घर तुझ्या कमरेवर चाललं बाबा," रखमाजी तेल चोळत म्हणाला, "आणि मी तिला आज हात लावतोय."