ढब्बूचा मान

या गोष्टीत राजा नाही, राणी नाही, सोन्याचा पलंग तर मुळीच नाही. एक मुलगी आहे, एक कुत्रा आहे आणि एक परी आहे. आणि हो, थोडी शी पण आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. झालं? मग नीट ऐका, कारण त्या शीपायी एकाचा जीव जायची वेळ आली होती.

डोंगराच्या कुशीत बोरदरा नावाचं चिमुकलं गाव होतं. गावाच्या अगदी टोकाला, बांबूच्या बेटाशेजारी, एका चंद्रमौळी झोपडीत सगू राहायची. खरं नाव सगुणा, पण एवढ्याशा पोरीला एवढं मोठं नाव घेऊन कोण हाक मारणार? तिला वडील नव्हते. आई बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणायची. यंदा आईची कंबर अशी धरली की तिला वाकता येईना, आणि बांबू ओढून आणायचं काम सगूकडे आलं. तिचे हात सोलवटायचे, पायांत काटे मोडायचे. घरात कधी भाकरी असायची, कधी नुसता भाकरीचा विषय असायचा. पण जे काही असेल त्यातला अर्धा तुकडा ढब्बूचा, यात कधी बदल झाला नाही.

ढब्बू म्हणजे सगूचा कुत्रा. रंग गुळाच्या ढेपेचा, एक कान उभा, एक कान आडवा, आणि शेपटीचं टोक पांढरंशुभ्र. पोट मात्र नावाला शोभेल असं गोल गरगरीत.

चैत्रातली एक दुपार. सगळं गाव जेवून लवंडलं होतं, आणि डोंगरावरून वणवा हळूच खाली उतरू लागला. कुणाला पत्ता नाही. ढब्बूला मात्र वास आला. तो दारोदार भुंकत सुटला, त्याने कुणाचं धोतर ओढलं, पाटलीणबाईंच्या डोक्याखालची तर उशीच पळवली. माणसं शिव्या देत उठली आणि धूर बघून गप्प झाली. मग हंडे आले, कळश्या आल्या, ओल्या फांद्या आल्या. गोठे वाचले, गवताच्या गंजी वाचल्या, पाळण्यातली तान्ही बाळं वाचली.

बोरदऱ्याची माणसं उपकार विसरणारी नव्हती. पुढे जत्रा आली. जत्रेत ज्याचा त्याचा मान ठरलेला असतो. पालखीचा मान पाटलांचा, पहिल्या नारळाचा मान गुरवांचा. पाटलीणबाई म्हणाल्या, "यंदा ढब्बूचाही मान." सगळ्यांना ते पटलं. आता कुत्र्याला मान द्यायचा तर कशाचा? हाडकाचा. घरोघरी मटण शिजलं होतं. सगू परडी घेऊन निघाली आणि प्रत्येक घराने त्यात चांगलंसं हाडूक टाकलं. कुणी नळी दिली, कुणी फासळी. सगूचा ऊर भरून आला. तिच्या ढब्बूचं असं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं. ढब्बूने शेपटी हलवत हलवत सगळी हाडं कडाकडा फोडून खाल्ली.

आणि इथेच घोटाळा झाला.

ढब्बू शी करायला बसायचा, कुंथायचा, कण्हायचा, उठून गोल फिरायचा आणि पुन्हा बसायचा. आधी खडूसारखा पांढरा, कोरडा चुरा पडला. मग तेवढंही बंद झालं. तो ढुंगण जमिनीवर घासत पुढे सरकू लागला, तेव्हा पोरं टाळ्या पिटत म्हणाली, "ढब्बू गाडी चालवतोय." सगू हसली नाही. जमिनीवर तिला रक्ताचा इवलासा ठिपका दिसला होता. नंतर ढब्बूने भाकरी सोडली. पाणी प्यायला तर तेही उलटून पडलं. त्याचा उभा कानसुद्धा आडवा झाला.

सल्ले द्यायला मात्र अख्खं गाव जमलं. कुणी म्हणालं, "एरंडेल पाज." कुणी बाह्या सरसावून म्हणालं, "आत अडकलंय ते ओढून काढू." बाबू गुरव म्हणाले, "कुत्र्याला हाड नाही पचणार तर काय मला पचणार?" सगू ढब्बूपुढे आडवी उभी राहून म्हणत होती, "नका हात लावू, त्याला दुखतंय. दवाखान्यात नेऊ या." पण तिचा आवाज इतका बारीक की शेजारच्या कोंबडीनेही मान वळवली नाही.

"सगे," आई म्हणाली, "जनावरांचा दवाखाना खिंडीपलीकडे आहे. माझी कंबर ही अशी, आणि तुला ते धूड उचलायचं नाही गं बाळा." बोलता बोलता आईचेच डोळे भरले.

गावामागे देवराई होती. तिथलं पानही कुणी तोडत नाही. सकाळचं कोवळं ऊन पानांतून झिरपत होतं. कुड्याची पांढरी फुलं चमचम करत होती, बहाव्याची पिवळीधमक झुंबरं वाऱ्यावर झुलत होती. सगू धावत तिथे गेली, बहाव्याखाली बसली आणि पोटभर रडली. वरून पाकळ्या टपटप गळत होत्या. त्यातली एक पाकळी खाली पडलीच नाही. ती वरच तरंगली, तिने एक गिरकी घेतली आणि झुळकन सगूच्या गुडघ्यावर उतरली.

ती पाकळी नव्हतीच. ती होती बोटाएवढी परी. पिवळा पायघोळ झगा, निळसर झिरझिरीत पंख, पायांत दवाचे पैंजण.

"का रडतेस, चिमणे?" परीने विचारलं.

सगूने सगळं सांगितलं. परी ऐकत राहिली, मग म्हणाली, "तुला तीन इच्छा देते. पण नियम आहेत हं. जे मागशील ते स्वतःसाठीच. दुसऱ्याच्या अंगाला माझी जादू लागत नाही. आणि सूर्य डोंगराआड गेला की जादू संपली."

"म्हणजे ढब्बूला बरं करा, असं नाही मागता येणार?"

"नाही गं."

"तो नियम बदलता नाही का येत, परीबाई?"

"मला कसा बदलता येईल? तो मी थोडाच केलाय?" परी जरा ओशाळली. "त्यापेक्षा छानसा झगा माग. हा बघ." तिने बोट फिरवलं आणि हवेत एक मोरपंखी झगा तरंगू लागला. चांदण्यांच्या टिकल्या, रुपेरी झालर. सगूला तो आवडला. खोटं कशाला सांगू, फार आवडला.

पण सगू डोकेबाज होती. तिने डोळे पुसले. "परीबाई, माझ्या कानांना ढब्बूची भाषा कळू दे."

परी गोड हसली. "कान तुझेच. दिलं."

"आणि माझ्या हातापायांत बळ येऊ दे."

"हातपायही तुझेच. दिलं. आणि तिसरी?"

सगूने झग्याकडे एकदा पाहिलं. "ती राहू द्या. संध्याकाळी मागते."

ती धावत घरी आली. आईने विणलेल्या मोठ्या पाटीत गोधडी घातली, ढब्बूला अलगद तिच्यात ठेवलं. आईने तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवली. एवढीशी पोर धूड घेऊन ताडताड चालायला लागली, आणि आई आ वासून बघतच राहिली.

खिंडीच्या वाटेवर डोक्यावरून आवाज आला, "सगू, हळू गं. दगड लागला की टोचतं."

"कुठे टोचतं रे, राजा?"

"शेपटीच्या बुडाशी. आत काहीतरी आडवं बसलंय. कुंथलो की जीव जातो." ढब्बूने पाटीबाहेर मान काढली. "रागावू नकोस हं. हाडं मीच खाल्ली."

"आणली मीच ना," सगू म्हणाली.

"चवीला मात्र झकास होती," ढब्बू म्हणाला, आणि कण्हत पुन्हा गोधडीत शिरला.

दवाखान्यात निर्मळे डॉक्टरीणबाई होत्या. कुठे दुखतं, कधी दुखतं, सगूने सगळं नेमकं सांगितलं.

"तुला एवढं कसं गं माहीत?" त्यांनी विचारलं.

"त्यानेच सांगितलं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "सांगतात ती. आपण ऐकत नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ढब्बूच्या पोटाचा फोटो काढला. "हे बघ. हाडांचा चुरा आत घट्ट बसलाय, आणि हा टोकदार तुकडा आडवा आहे. ओढलं नाहीत ना कुणी? फार बरं केलंत, आत फाटलं असतं. एरंडेल पाजलं नाहीत? शाबास. शिजलेलं हाड फोडलं की त्याच्या सुया होतात, पोरी."

त्यांनी ढब्बूला झोपेचं इंजेक्शन दिलं, कोमट पाण्याने चुरा हळूहळू मऊ केला आणि तुकडा अलगद बाहेर काढला. ढब्बू जागा झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता मऊ भात, शिजवलेला लाल भोपळा आणि भरपूर पाणी. हा आपल्या पायांनी जाऊन, न रडता शी करेल, तेव्हा बरा झाला समज. रडला तर लगेच परत आण." सगूने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

ती गावात पोचली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. "ढब्बू आला, ढब्बू आला," पोरं ओरडत सुटली. ढोल वाजू लागला. कंबर धरून आईही पाटलांच्या अंगणाच्या भिंतीपाशी येऊन उभी राहिली. आणि पाटलीणबाई लगबगीने पुढे आल्या, हातात परात. परातीत काय असेल? ढब्बूचा मान. चांगली मोठी, रसरशीत नळी.

"सगू, एकच," ढब्बू लाळ गाळत म्हणाला. बघा, अक्कल म्हणून नाही.

"नको, देऊ नका," सगू म्हणाली. ढोलाच्या आवाजात कोण ऐकणार? पाटलीणबाईंचा हात पुढे आला, ढब्बूचं तोंड पुढे आलं. सगूच्या डोळ्यांपुढे मोरपंखी झगा एकदा झळकला. तिने डोळे मिटले. "परीबाई, माझा आवाज सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"आवाज तुझाच," कानाशी कुणीतरी कुजबुजलं. "दिलं."

"थांबा," सगू म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली. पण तो शब्द शेवटच्या घरापर्यंत गेला. ढोल थांबला. "या मानानेच तो मरायला टेकला होता. तुम्ही प्रेमाने दिलंत, मीही हौसेने गोळा केलं. पण हाडूक त्याच्या आत सुईसारखं रुतलं होतं. पुन्हा दिलंत, तर माझा ढब्बू जाईल."

पाटलीणबाईंच्या हातातली परात खाली आली. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "ज्याने आमची लेकरं वाचवली, त्यालाच आम्ही... मग पोरी, उपकार फेडायचे तरी कशाने?"

"मऊ भाताने. लाल भोपळ्याने. दारात पाणी ठेवा. आणि जाता येता त्याच्या डोक्यावरून हात फिरवा. त्याला ते फार आवडतं."

पाटलीणबाईंनी लगेच चुलीवर भात चढवला. बाबू गुरव पुढे आले, खाली बघत म्हणाले, "सगू, उद्यापासून तुझ्या आईचे बांबू मी आणून टाकत जाईन. नाही म्हणू नकोस."

इतक्यात ढब्बू उठला. आपल्या पायांनी, हळूहळू, घाणेरीच्या झुडपाकडे निघाला. सगूने डॉक्टरीणबाईंचे शब्द सगळ्यांना सांगितले, आणि अख्खं गाव श्वास रोखून उभं राहिलं. पालखी उठतानासुद्धा कधी एवढी शांतता झाली नव्हती. पण सूर्य डोंगराला टेकला होता. तो बुडाला की ढब्बूचं बोलणं सगूला कळणार नव्हतं. आत अजून टोचतंय का, हे कोण सांगणार?

सगूच्या खांद्यावर पैंजण वाजले. "तीन इच्छा दिल्या," परी म्हणाली, "आणि एकही तू स्वतःवर खर्च केली नाहीस. असं कुणी केलं तर काय करायचं, याचा नियमच नाही. म्हणून आता माझ्या मनाला येईल ते करते." ती उडाली, आणि आपल्या इवल्याशा हातांनी तिने सूर्य डोंगराच्या कडेवर धरून ठेवला. सगळं गाव सोनेरी झालं. घरं सोनेरी, कोंबड्या सोनेरी, घाणेरीची फुलं सोनेरी.

झुडपामागे ढब्बू बसला. सगू कान देऊन ऐकत होती. आता "आई गं" येईल, मग येईल. आलंच नाही. थोड्या वेळाने आवाज आला, "हुश्श."

आणि मग ढब्बू शेपटी हलवत बाहेर आला. "सगू," तो म्हणाला, "भूक लागलीय."

सगूने दोन्ही हात जोडले. "परीबाई, तुमचे उपकार मी कसे फेडू?"

"आधी त्याला जेवू घाल," परी म्हणाली. तिने सूर्य सोडला. केशरी, पिवळा, गुलाबी उजेड भस्सकन उसळला, आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.

ढब्बू पुन्हा काहीतरी म्हणाला. आता ते नुसतं भुंकणं होतं. सगूने त्याच्या गळ्यात हात टाकला. "हो रे राजा, भात होतोय," ती म्हणाली, आणि मग अशी काही रडली की आई कंबर सांभाळत, भिंतीला धरून खाली बसली आणि तिने दोघांनाही पोटाशी घेतलं.