लगमाईची अर्धी भाकरी

बसा, सांगतो. करंजमाळावर माणसं थोडी आणि लांडगे फार होते, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. माळावर धनगरांची वस्ती होती, मेंढरं होती, आणि त्या वस्तीत लगमाई नावाची एक म्हातारी होती. तिला ना लेक, ना सून, ना स्वतःचं एखादं मेंढरू. वस्तीनं तिच्याकडं एकच काम सोपवलं होतं, ते म्हणजे कुत्र्याची भाकरी करायचं.

हे काम हलकं समजू नका. राखणीच्या कुत्र्याला कुणी आपल्या दारात खायला घालायचं नाही, अशी करंजमाळाची रीत होती. रोज सकाळी घरोघरच्या बाया मूठ मूठ बाजरीचं पीठ लगमाईच्या परातीत टाकायच्या. कुणाचं बारीक, कुणाचं भरड, तर एखादीच्या पिठात अर्धा कोंडाच. लगमाई ते सगळं एकत्र मळायची आणि भाकरी भाजून वस्तीच्या मध्यावरच्या सपाट दगडावर ठेवायची. ज्यानं सगळ्यांचं पीठ खाल्लं, त्यानं सगळ्यांची मेंढरं राखायची, असा त्यामागचा हिशोब होता.

आणि राखणारा होता भुंग्या. काळाभोर, वासराएवढा. पिल्लू असताना तो ओढ्याच्या गाळात अडकला होता, तिथून लगमाईनंच त्याला पदरात घालून आणलं होतं. त्याला ती कुत्रा म्हणायचीच नाही, 'आमचं भुंग्या' म्हणायची.

एका वर्षी ऐन कोकरं जन्मायच्या दिवसांत लांडग्यांची टोळी वस्तीवर आली. टोळीचा म्होरक्या एवढा थोराड होता की उडी मारून वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, सहज ओलांडायचा. भुंग्यानं त्याला ओढ्यात गाठलं आणि मान धरून पाण्याखाली दाबलं. दिवस मावळेपर्यंत ओढा लाल वाहत होता, असं म्हणतात.

त्या दिवशी वस्तीला आनंद झाला आणि आनंदाच्या भरात वस्ती चुकली. सगळ्यात मोठा कळप होता तायाप्पाचा. त्यानं भुंग्याला दारात बोलावलं आणि तुपातला मलिदा भरवला. ते बघून शेजारणीनं दूधभात कालवला. तिसऱ्या घरी बोकड पडला, त्याची काळीज-कलेजी भुंग्याच्या पुढ्यात आली. एवढ्यानं काय होतंय, असं जो तो म्हणाला. पण अति तिथं माती.

भुंग्या भाकरीला नाक मुरडायला लागला. दगडापाशी यायचा, हुंगायचा आणि तायाप्पाच्या दाराशी जाऊन पसरायचा. राखणही त्याच दाराची. तिकडं वस्तीच्या दुसऱ्या टोकाला एकेक कोकरू नाहीसं व्हायला लागलं. पुढं पुढं त्याला मलिदाही नको झाला. बाया वाटी घेऊन त्याच्या मागं फिरायच्या, 'खा रं राजा' म्हणायच्या आणि जितकं विनवावं तितका तो मान फिरवायचा. आणखी काय येतंय, ते बघत बसायचा.

दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. बिरोबाचा भंडारा कपाळाला लावून झाला. लगमाईनं मात्र त्याचा जबडा उघडून दात पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं, पायात काटा आहे का तेही चाचपलं. मग ती वस्तीला म्हणाली, "ह्येला काय बी झाल्यालं न्हाई. आपण ह्येला भूकच लागू दिली न्हाई."

"मग आता?" तायाप्पानं विचारलं.

"म्या भाकर ठिवीन. ऊन दगडावरनं उतरलं की उचलीन. खा म्हणणार न्हाई, रागावणार बी न्हाई. तुमी दारं लावून घ्या. आन् त्यो खाईस्तवर म्या बी खाणार न्हाई. त्येच्या भाकरीला हात माझा हाय."

असं म्हणून म्हातारी उपाशी बसली. रोज भाकरी ठेवायची आणि रोज उचलायची. वस्तीनं दारं लावली. पण झालं असं, की म्हातारी वाळत चालली आणि कुत्रा मात्र तसाच तुकतुकीत राहिला. लगमाई काय ते समजली. काठी टेकत, वाटेत बसत उठत ती तायाप्पाच्या वाघरीमागं गेली. तायाप्पा उकिडवा बसून भुंग्याला मलिदा भरवत होता, आणि भुंग्या त्यातलं नुसतं तूप चाटत होता.

तायाप्पाची मान खाली गेली. "आत्ती, त्यो उपाशी ऱ्हायल्याला बघवत न्हाई गं."

"मला तरी कुठं बघवतंय, लेकरा? म्हणून तर संगती उपाशी हाय."

ती एवढंच बोलली आणि माघारी फिरली. तायाप्पा तिच्या पाठमोऱ्या हाडांकडं बघत राहिला. मग तो घरात गेला आणि त्यानं स्वतःच्या पेटत्या चुलीत पाणी ओतलं. ते पाहून शेजारणीनं ओतलं, तिच्या शेजारणीनं ओतलं. बघता बघता वस्तीतल्या साऱ्या चुली विझल्या. पेटती राहिली ती एकट्या लगमाईची.

दिवस कलला. करंजमाळावर एकाच चुलीचा धूर, असं कधी झालं नव्हतं. धुराला भिणारे लांडगे टेकाडावर येऊन ओळीनं बसले. माणसांनी काठ्या उचलल्या, पण दारातून कुणी हललं नाही. भुंग्या घरोघर फिरला. कुठं तुपाचा वास नाही, दुधाचा नाही. कुणी त्याला हाकही मारली नाही. शेवटी तो दगडापाशी आला.

लगमाई दगडाला पाठ लावून बसली होती. पदरात घालून आणलेलं लेकरू ते, भुकेनं दारोदार फिरून आलेलं. तिचा जीव तुटत होता. हात आपसूक त्याच्याकडं जाऊ नयेत, म्हणून तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि डोळे मिटून घेतले.

भुंग्यानं भाकरी हुंगली. पंजानं दाबून मोडली. आणि कोंड्याची ती खरखरीत भाकरी तो कचाकचा खायला लागला. अर्धी खाऊन तो थांबला. उरलेली अर्धी त्यानं तोंडात धरली आणि अलगद म्हातारीच्या ओटीत ठेवली.

भुकेल्या कुत्र्यानं घास सोडलेला कुणी कधी पाहिला नव्हता. तायाप्पासारखा गडी पोरासारखा रडला. लगमाईनं डोळे उघडले आणि ती भाकरी खाल्ली. तिनं पहिला घास गिळला तेव्हा भुंग्यानं आकाशाकडं तोंड करून अशी हाळी दिली, की टेकाडाची माती घरंगळली. मग तो साऱ्या वस्तीला वळसा घालून आला, एकही घर न वगळता. त्याच्या प्रत्येक पावलासरशी लांडगे मागं सरत गेले आणि डोंगरापार निघून गेले. त्या वळशाच्या वाटेवर आजही गवत उगवत नाही, असं म्हणतात.

लगमाई गेली, भुंग्या गेला. दगड आहे. आमच्याकडं ताटावर नखरे करणाऱ्या पोराला आजही म्हणतात, "ह्याला लगमाईच्या दगडावर बसवा." पोरगं मुकाट जेवतं.

आणि दरवर्षी कोकरं जन्मायच्या आधी घरोघरचं मूठ मूठ पीठ एका परातीत गोळा होतं. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई भाकरी करते. ती अर्धी दगडावर ठेवते आणि अर्धी ओटीत घेऊन, हात मांडीखाली दाबून बसते. बाकी साऱ्या चुली विझलेल्या असतात. कुत्र्याला कुणी हाक मारत नाही, कुणी खा म्हणत नाही. तान्ह्यांच्या आया सोडल्या तर सारी वस्ती उपाशी उभी असते. कुत्रं आपल्या मनानं येतं, खातं. म्हातारी ओटीतला घास तोंडात घालते. आणि मग करंजमाळावर घराघरातून धूर निघतो.