सात हातांवरची इर्जिक

फार वर्षं झाली त्याला. किती, ते विचारू नका; मोजत बसलात तर गोष्ट राहील बाजूला. वाळवंड गावाच्या पाठीशी डोंगर आहे ना, त्याला त्या साली श्रावणात भेग पडली. आधी बोटभर होती, मग हातभर झाली. डोंगर खाली आला असता तर गावाचं नाव सांगायलाही कुणी उरलं नसतं.

गावात धुरपाआत्या म्हणून एक बाई होती. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, म्हणून लहानथोरांची आत्या. तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. ती म्हणाली, उतारावर वाळा लावा. वाळा म्हणजे तोच, तुम्ही उन्हाळ्यात माठात टाकता तो. त्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. त्यासाठी इर्जिक घालायची ठरली. इर्जिक म्हणजे घरटी एक माणूस येतो, मजुरी घेत नाही, संध्याकाळी एकत्र जेवतो आणि घरी जातो.

पण तेव्हा मुलखात मानमोडीची साथ आली होती. सकाळी खोकला, दुपारी ताप, तिसऱ्या दिवशी तिरडी. पलीकडच्या गावात तर तिरडी उचलायला चार खांदे मिळेनात, असं म्हणतात. मग इर्जिकीला यायचं कुणी?

आत्या दारोदार फिरली. प्रत्येक आईला म्हणाली, "तुझं माणूस मी नेते. मीच परत आणून पोचवते. शब्द आहे माझा." त्या शब्दावर अकराजण आले.

तिने सात सात हातांचे अकरा बांबू तोडले. दोन माणसांमध्ये एक बांबू आडवा, तो ओलांडायचा नाही. ज्याचं पाणी त्याच्या भोपळ्यात, ज्याची भाकरी त्याच्या फडक्यात. संध्याकाळची पंगत बंद. आणि भलरी गायची नाही! अरे, भलरीशिवाय इर्जिक म्हणजे काय असतं, तुम्हाला नाही कळायचं. लोक कुरकुरले. "आत्या, ही काय इर्जिक म्हणायची? मयताला आल्यासारखं वाटतंय."

"मयत नको म्हणूनच सांगतेय," आत्या म्हणाली. "गप लावा."

सहा दिवस लावणी चालली, आणि एकालाही साधी शिंक आली नाही.

सातव्या दिवशी कोंडूचे डोळे लाल दिसले. कोंडू म्हणजे सगळ्यांत कामाचा गडी. आत्याने लांबूनच विचारलं, "काय रे, अंगात कणकण आहे का?"

"छे गं आत्या! माती गेली डोळ्यात."

अंग तापलं होतं त्याचं. पण इर्जिक अर्धी सोडून जाणं म्हणजे सात पिढ्यांची नामुष्की, म्हणून तो खोटं बोलला. आत्याला ते कळलं नसेल? मला विचाराल तर कळलं होतं. पण एकच ओळ राहिली होती, आणि तिनेही डोळेझाक केली.

शेवटचं रोप मातीत गेलं आणि पाऊस कोसळला. अकराजण कुडकुडत उभे राहिले. आत्याचं घर उताराच्या पायथ्याशीच होतं. सात दिवस त्या पोरांनी कोरडी भाकरी खाल्ली होती. तिचं काळीज तुटलं. "या रे आत," ती म्हणाली, "आता झालंच आहे काम." स्वतःच्या तोंडाने म्हणाली! चुलीभोवती सगळे गुडघ्याला गुडघा लावून बसले. तिने गरम पिठी-भात वाढला. कुणीतरी भलरी धरली, सगळ्यांनी ओढली, आणि कोंडूचा आवाज सगळ्यांत वर होता.

आठवड्यात अकरातले नऊ गेले. पहिला कोंडूच. आत्याला मात्र साधा ताप आला नाही. प्रत्येक चितेपाशी ती सात हातांवर उभी राहायची, आणि एकही आई तिच्याकडे बघायची नाही.

पुढच्या पंधरवड्यात डोंगर गरजला. अख्खा कडा सुटला, वाळ्याच्या पहिल्या ओळीपर्यंत आला आणि दावणीला बांधलेल्या म्हशीसारखा जागच्या जागी थांबला. वाळ्याची मुळं तेवढ्या दिवसांत पुरुषभर खाली उतरली होती, असं म्हणतात. गाव वाचलं. लोक तिच्या पाया पडायला गेले, तर ती किंचाळली, "डोंगराच्या पाया पडा! मी नऊ पोरं खाल्ली."

त्या दिवसापासून दिवेलागणीला ती त्या नऊ दारांशी जायची. हाक मारायची, "पोचलास का रे घरी?" दार बंद व्हायचं. तरी ती दुसऱ्या दिवशी जायची. बारा वर्षं गेली. अन्न सुटलं, अंग झिजत झिजत सावलीएवढं झालं. शेवटी बाई दिसायचीच नाही, हाक तेवढी ऐकू यायची, असं म्हणतात. तिची चिता कुणी पेटवली, ते कुणालाच आठवत नाही.

आजही वाळवंडात वाळा लावतात. लावणारे अंतर ठेवतात, मुकाट्याने लावतात आणि आपापल्या घरी जेवतात. मग पंधरा दिवस रोज दिवेलागणीला गावातली एक म्हातारी दारोदार जाते आणि आत्याच्या नावाने विचारते, "पोचलास का रे घरी?" आतून उत्तर येतं, "पोचलो, आत्या." त्या नऊ घरांची आता नुसती जोती उरलीत, त्यांवर गवत वाढलंय. म्हातारी तिथेही थांबते आणि विचारते. माणसाला चुलीपासून उठून दारात यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती उभी राहते. मग पुढच्या जोत्याकडे जाते.