पहिल्या मापाचा लाभ

एकदा एक वृद्ध आचार्य आणि त्यांचा शिष्य एका बंदराच्या गावी राहत होते. निदान मला तरी तसे आठवते. आचार्यांचे शब्द नेमके हेच होते का, याची खात्री मी देऊ शकत नाही.

दोन देशांनी परस्परांशी व्यापार केला, तर दोघांचेही भले होते, हा सिद्धान्त शिष्याला जुन्या पुराव्याने सिद्ध करायचा होता. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांच्या सभेत प्रबंध वाचायचा होता. तो मान्य झाला, तर पाठशाळेतली अध्यापकाची जागा त्याची.

"गुरुजी, शंभर वर्षांच्या मोजणीच्या वह्या चाळल्या. पैलतीरीच्या देशातही धान्य मोजणारे आपलेच मापारी होते, त्यांच्याही वह्या चाळल्या. धान्य चढवताना पहिली नोंद 'लाभ', उतरवतानाही 'लाभ'. देणाऱ्याला लाभ, घेणाऱ्याला लाभ. तोट्याची एकही नोंद नाही."

"एकही नाही?"

"शोधूनही नाही."

आचार्यांनी त्याच्या हाती पायली दिली आणि अंगणातल्या भाताच्या तुसाकडे बोट दाखवले. "हे मोजून उकिरड्यावर टाक. मोठ्याने मोज."

म्हातारपण, असे शिष्याच्या मनात आले. पण तो खळ्यावर वाढलेला. पायली भरून सवयीने म्हणू लागला, "लाभ. दोन. तीन. चा..."

पायली हातातच राहिली.

"थांबलास का? उकिरड्याचा लाभ चालू दे."

शिष्य तुसातच बसला. "गुरुजी, पहिल्या मापाला आपण 'एक' म्हणतच नाही."

"तुझ्या आजोबांनीही म्हटले नसेल. शुभ बोलावे म्हणून लाभ. बाळ, तुझा सिद्धान्त कदाचित खराही असेल. पण ज्या साक्षीदाराला 'नाही' म्हणताच येत नाही, त्याच्या 'हो'ने काय सिद्ध होते? हे बंदर मध्ये बारा वर्षे बंद होते. तेव्हा पैलतीरापेक्षा इथे काय स्वस्त होते, ते काढ. बंदर उघडल्यावर तोच माल बाहेर गेला का, ते पाहा. व्यापाराने भले होत असेल, तर इथला स्वस्त मालच बाहेर जायला हवा; तिथे तुझा सिद्धान्त हरू शकतो. न हरला, तर मग बोल."

"आणि उद्याची सभा?"

"सगळे धान्याचे व्यापारी. तुझा प्रबंध ऐकून त्यांना मात्र लाभ झाला असता. चार दिवस हसले असते."

सभेत शिष्य एवढेच बोलला, "मला अजून माहीत नाही." जागा दुसऱ्याला मिळाली. तो बंद बंदराच्या काळातले भाव शोधू लागला. आता सिद्धान्त हरण्याची भीती होती, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा वाचू लागला.

टाकाऊ मालालाही लाभच म्हणतात का, ही शंका माझ्या मनात राहिली होती. पुष्कळ वर्षांनी बाजारात एक म्हातारा हमाल किडकी ज्वारी मोजून फेकताना दिसला. पहिल्या मापाला तो 'लाभ'च म्हणाला. अर्थात, मी एकच हमाल पाहिला, हेही नोंदवून ठेवतो.