आधी सही, मग माड

वादळ आलं. घूं घूं घूं!
तिळू मुंगी पानाला चिकटून बसली. गच्च!

वादळ गेलं. तिळू खाली उतरली. बघते तर काय? वारुळाच्या दारावर माड आडवा! आत आजी. आत सगळ्या मावश्या.
"आजी गं!"
"तिळू, पाणी आत येतंय! माड हलवायला कुणाला तरी आण!"

तिळू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
"म्हशीमावशी, म्हशीमावशी, माड हलव. आत माझी आजी अडकलीय."
"हलवते की! पण आधी बगळा सांगू दे."

तुरुतुरु तुरुतुरु.
"बगळेभाऊ, बगळेभाऊ, म्हशीला सांगा. म्हैस माड हलवेना, आत माझी आजी अडकलीय."
"सांगतो की! पण आधी कावळा शिक्का मारू दे."

तुरुतुरु तुरुतुरु.
"कावळेदादा, कावळेदादा, शिक्का मारा. बगळा सांगेना, म्हैस माड हलवेना, आत माझी आजी अडकलीय."
"मारतो की! पण आधी बेडूकसाहेब पाहणी करू देत."

तुरुतुरु तुरुतुरु.
साहेब शहाळं पीत होते. सुर्र सुर्र.
"बेडूकसाहेब, बेडूकसाहेब, पाहणी करा. कावळा शिक्का मारेना, बगळा सांगेना, म्हैस माड हलवेना, आत माझी आजी अडकलीय."
"अरेरे! फार वाईट झालं. करतो की! पण आधी आजीची सही आण."
"आजी तर माडाखाली आहे!"
"असू दे. बाहेर आली की सही आण. सुर्र सुर्र."

तिळूला आला राग! चढली साहेबांच्या पोटावर. कडकडून चावली!
"डराँव!" साहेब उडाले टुणकन. पडले कावळ्यावर.
कावळा दचकला. शिक्का बसला बगळ्याच्या पांढऱ्याशुभ्र पाठीवर. थप्प!
बगळ्याची चोच लागली म्हशीला. टच्च!
म्हैस उधळली. माडाला बसली धडक. धाड!
माड गेला गडगडत. दार मोकळं!

आजी बाहेर आली. ओलीचिंब. तिनं तिळूला पोटाशी धरलं. मावश्या बाहेर आल्या. पण वारूळ? सगळा चिखल!

तेवढ्यात साहेब आले. गळ्यात हार. "बघा, आम्ही माड हलवला! आजी, आता सही करा."
आजी म्हणाली, "करते की! पण आधी मातीचा एक कण उचला."
साहेबांनी इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. तिळू त्यांच्या पोटाकडे बघत होती.
साहेबांनी पटकन कण उचलला!
मग कावळ्यानं उचलला. बगळ्यानं उचलला. म्हशीनं खुरानं माती लोटली. मावश्यांनी भिंती लिंपल्या.

वारूळ उभं राहिलं. नव्या दारातून पहिली कोण गेली? तिळू! तुरुतुरु तुरुतुरु.
"आजी, आता तरी सही?" साहेब म्हणाले.
"करते की!" आजी म्हणाली. "पण आधी उद्या या."