ठिपका नसलेला बोल्ट

एक वृद्ध कारागीर घाटाच्या पायथ्याशी सायकली दुरुस्त करीत असत. साध्या सायकली नव्हेत. शर्यतीच्या, अरुंद चाकांच्या, दोन बोटांवर उचलता येतील अशा. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पांच्या दुकानात एक व्रत पाळलं जाई. सकाळच्या पूजेतलं उरलेलं गंध ते लहानशा वाटीत घालून दुकानात आणीत. बोल्ट आवळायला घेतला की तो पुरता आवळून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि आवळून झाला की त्यावर गंधाचा बारीक ठिपका लावायचा. कुणी विचारलं तर आप्पा म्हणत, "हात तर काम करतोच. त्या वेळी मनही तिथेच होतं, एवढं सांगायला हा ठिपका."

त्यांच्याकडे एक शिष्य होता. वय तिशीचं, अभियांत्रिकी शिकलेला, चांगली नोकरी सोडून हे काम शिकायला आलेला. हाताला गुण होता, नजर बारीक होती. पण त्याच्या मनात एका गोष्टीचा राग सदैव धुमसत असे, आणि ती गोष्ट ऐकून तुम्हाला हसू येईल. अशा सायकलींचे ब्रेक, गिअर आणि ते बदलायचे खटके बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या होत्या. एकीचा माल पिवळ्या डब्यातून येई, दुसरीचा जांभळ्या. शिष्य पिवळ्याचा कैवारी होता. त्याने दुकानाच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावला होता. कोणता सुटा भाग किती ग्रॅमचा, कोणता गिअर किती लवकर बदलतो, कोणता ब्रेक किती अंतरात थांबवतो, सगळं त्यात होतं. तक्ता खोटा नव्हता. मेहनतीने केलेला होता.

पण त्या तक्त्यासमोर गिऱ्हाइकांची भांडणं होऊ लागली. हळूहळू चहाच्या टपरीवर पिवळे एका बाकावर आणि जांभळे दुसऱ्या बाकावर बसू लागले. एकदा भर उन्हात एका माणसाची साखळी घाटात तुटली. मागून येणाऱ्या चौघांनी त्याच्या गिअरवरचं नाव वाचलं आणि ते थांबले नाहीत. तो दोन कोस सायकल ढकलत माथ्यापर्यंत गेला. धातूच्या चार तुकड्यांपायी माणसं इतकी कोरडी होतात, याचा संताप करावा तेवढा थोडाच. आप्पांना ही हकीकत कळली त्या दिवशी ते दुकानात कुणाशी बोलले नाहीत. शिष्याला वाटलं, त्यांना बरं नसेल.

एका शनिवारी दुपारी भांड्यांचा एक व्यापारी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी वीस-एकवीस वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावरून सुरू होणाऱ्या शर्यतीत ती उतरणार होती, आणि पुढच्या ब्रेकची केबल झिजली होती. शिष्याने सायकल स्टँडवर चढवली. मागचा ब्रेक तपासला, हँडल आवळलं, दोन्हींवर ठिपके लावले. मग नवी केबल घालायला पुढे वळला आणि खटक्यांवरचं जांभळं नाव पाहून त्याच्या कपाळावर आठी पडली.

"हे कुणी घ्यायला सांगितलं तुम्हाला?"

"मीच घेतले," मुलगी म्हणाली. "त्याचं काय आहे दादा, माझ्या उजव्या हाताचं..."

"आधी तो तक्ता वाचा. एकशे अठरा ग्रॅम जास्त ओझं घेऊन फिरताय तुम्ही."

व्यापारी जरा हसून म्हणाला, "आमच्या दुकानात गिऱ्हाईक पातेलं घ्यायला आलं, तर आम्ही त्याच्या घरच्या कढईला नावं ठेवत नाही हो."

"पातेल्यात बसून कुणी घाट उतरत नाही, शेठ."

"मग तुमच्या पिवळ्या डब्यात काय, तीर्थ भरून येतं का?"

हा टोमणा शिष्याच्या वर्मी लागला. एका हाताने तो केबल ओढत होता, दुसऱ्या हातात पाना होता, आणि तोंड सुरू होतं. "तुमच्यासारखी माणसं डब्याचा रंग बघून माल घेतात आणि वर आम्हालाच शिकवतात. घाला हा कचरा पोरीच्या गळ्यात. उद्या ती शेवटून पहिली आली की मला सांगायला या."

मुलगी खाली मान घालून उभी राहिली. व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला, आणि मग तोही मागे हटला नाही. कोपऱ्यात आप्पा एका चाकाच्या तारा सरळ करीत होते. त्यांनी फक्त एकदा मान वर केली.

शिष्याने पाना खाडकन् फळीवर टाकला. "झालं. घेऊन जा."

"नाही," आप्पा म्हणाले. "शेठ, सायकल उद्या सकाळी माथ्यावर मिळेल. शर्यतीच्या आधी."

व्यापारी कुरकुरला, पण आप्पांचा शब्द मोडायची गावात कुणाची प्राज्ञा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना आप्पा आणि शिष्य टेम्पोत सायकल घालून माथ्यावर पोहोचले. स्पर्धक अजून जमायचे होते. आप्पांनी सायकल उतरवली आणि शिष्यापुढे धरली.

"बस. तिसऱ्या वळणावरच्या मारुतीपर्यंत जा आणि ये."

शिष्य हसला. "ह्या जांभळ्यावर? सकाळी सकाळी थट्टा करताय, आप्पा."

"थट्टा नाही. तू बांधलीस ना? तूच उतरवून दाखव."

आप्पांचा सूर वेगळा होता. शिष्य मुकाट्याने बसला. एक पाय पायडलवर ठेवला आणि सवयीप्रमाणे त्याची नजर खाली गेली. मागच्या ब्रेकवर ठिपका होता. हँडलवर होता. पुढच्या ब्रेकवर, केबल धरून ठेवणाऱ्या बोल्टवर, मात्र काहीच नव्हतं.

समोर रस्ता एकदम उताराला लागत होता. पहिल्या वळणापलीकडे दरीच. शिष्य आठवू लागला. बोल्ट त्याने बोटांनी फिरवला होता, तेवढं आठवत होतं. मग पाना लावला होता का? त्याला तीर्थाचा टोमणा आठवला. त्यावर आपण काय बोललो, त्यावर शेठ काय म्हणाले, त्यातला शब्द न् शब्द आठवला. पाना आठवेना.  त्याने पाय जमिनीवर टेकवला.

"आप्पा, हा आवळला की नाही, मला सांगता येत नाही."

"ती मुलगी तुला काय सांगत होती?"

शिष्य सायकलवरून उतरला. "उजव्या हाताचं काहीतरी. पुढचं ऐकलं नाही मी."

आता आप्पा बोलू लागले. त्यांचा आवाज चढला नाही. दोन वर्षांत शिष्याने त्यांना असं रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"काल दुकान बंद करताना मी हा ब्रेक जोराने दाबला. केबल सुटून बाहेर आली. इथे, ह्या वळणावर सुटली असती, तर त्या पोरीच्या बापाला तू कोणता तक्ता दाखवला असतास? तुलना करू नको असं मी म्हणत नाही. वजन कर, माप घे, उणं असेल त्याला उणं म्हण. ते आपलं कामच आहे. पण तोलता तोलता राग चढू लागला, की ओळखावं, पारड्यात आता वस्तू नाही, आपणच जाऊन बसलो आहोत. मग समोरचा माणूस दिसत नाही. हातातला बोल्टसुद्धा दिसत नाही."

"आणि हे ठाऊक असून तुम्ही मला ह्यावर बसवलंत?" शिष्याचाही आवाज रागाने फुटला.

"बोल्ट मी कालच आवळला, बाळा. तुझ्या जिवाशी मी खेळेन का? ठिपका तेवढा लावायचा ठेवला. तो तुझा होता."

आप्पांनी खिशातून एक डबी काढली. तिच्यात ओलं गंध होतं.

शिष्याने पाना घेतला. बोल्ट सैल केला, केबल पुन्हा ओढली आणि पुन्हा आवळली. दोन्ही हातांनी तीनदा ब्रेक दाबून पाहिला. ह्या साऱ्या वेळात तो एक अक्षर बोलला नाही. शेवटी त्याने करंगळीने ठिपका लावला.

तेवढ्यात व्यापारी आणि मुलगी आली. शिष्य तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "ताई, काल तुमचं बोलणं मी तोडलं. उजव्या हाताचं काय?"

तिने हात पुढे केला. मधलं बोट ताठ होतं. लहानपणी दारात चिरडलेलं. "हे वाकत नाही. पिवळ्याचे दोन खटके मला दाबताच येत नाहीत. ह्यात सगळं एका खटक्यावर होतं."

त्याने खटका तिच्या तर्जनीच्या जवळ सरकवून दिला. व्यापारी अजून घुश्शातच होता. "आज नावं नाही ठेवणार?"

"काल ठेवली ती चूक झाली, शेठ. ब्रेकही मी नीट आवळला नव्हता. ते आप्पांच्या लक्षात आलं."

 व्यापाऱ्याने स्वतः वाकून तो ब्रेक दाबून पाहिला आणि मगच सायकल मुलीच्या हाती दिली.

ती शर्यतीत अकरावी आली. तक्ता अजून त्या भिंतीवर आहे. शिष्याने तो काढला नाही. फक्त ग्रॅमच्या आकड्यांच्याही वर, अगदी पहिल्या ओळीत, त्याने एक प्रश्न लिहिला: हात कुणाचा?

आपल्याही घरात रागाच्या भरात एखादा ठिपका लावायचा राहून गेला असेल. राग उतरल्यावर तेवढा लावून यावा, अजून वेळ असतो.