बिनआवाजाच्या बातम्या

एकदा एका तालुक्याच्या गावी एक क्रीडानिवेदक राहत असे. गावच्या केबल वाहिनीवर रोज संध्याकाळी आठ वाजता तो खेळाच्या बातम्या सांगे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बातम्या पुन्हा दाखवल्या जात. देशोदेशीचे सामने दाखवायला मोठ्या वाहिन्या समर्थ होत्या. याच्या वाट्याला यायचा शाळांचा खो-खो, गणेश मंडळांची कबड्डी आणि जत्रेतल्या कुस्त्या. पण ज्या पोराचं नाव मोठ्या वाहिनीवर सात जन्मांत आलं नसतं, ते नाव हा अशा काही मायेने घेई, की त्या घरातली माणसं हातातला घास हातात ठेवून ऐकत बसत.

हे बोलणं त्याला शिकवलं होतं एका वृद्ध गुरुजींनी. ते शाळेत खेळाचे मास्तर होते आणि मैदानावर माइक हाती घेऊन सामन्याचं वर्णन करायची त्यांना भारी हौस. निवेदक पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे बसायचा होता, तेव्हा भीतीने त्याची बोबडी वळली होती. समोर माणूस नाही, काणूस नाही, नुसती एक काळी काच. तिच्याशी बोलायचं तरी काय? गुरुजींनी त्याला एवढंच सांगितलं, की काचेशी बोलूच नकोस, आठ वाजता मी घरी टीव्हीपुढे बसलेला असेन, माझ्याशी बोल. त्याने तसं केलं आणि त्याची भीड चेपली.

वर्षं सरली. निवेदकाचं नाव झालं. त्याच्यावाचून बक्षीस समारंभाचं पान हलेनासं झालं. शाली मिळाल्या, नारळ मिळाले, चौकातल्या फलकांवर त्याचा हसरा चेहरा झळकला. वाहिनीने नवा स्टुडिओ थाटला आणि कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला एक छोटा पडदा बसवला. आपण प्रेक्षकांना कसे दिसतो आहोत, हे निवेदकाला बोलता बोलता पाहता यावं म्हणून केलेली ती सोय. निवेदकाला ती फार आवडली. कॉलर वाकडी असली तर कळायची, केसांची बट कपाळावर आली तर कळायची, कोणतं हसू आपल्याला शोभतं तेही कळायचं.

मग हळूहळू एक विचित्र गोष्ट घडत गेली. त्याला ओळखणारे लोक वाढले आणि त्याची स्वतःची माणसं मात्र कमी झाली. रस्त्यात लोक थांबवत, शेजारी उभं राहून फोटो काढत आणि फोटो बरा आला का ते बघत निघून जात. ये, चहा घे, असं कुणी म्हणत नसे. लग्नाचं राहूनच गेलं होतं, कारण दुपार मैदानावर आणि संध्याकाळ स्टुडिओत जायची. पूर्वी बातम्या संपल्या की कुणाची आई, कुणाचे आजोबा फोन करून दोन शब्द बोलायचे. ते फोन केव्हा थांबले, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. गुरुजींकडे दसऱ्याला सोनं द्यायला जायचा त्याचा नेम होता, तोही मोडला होता. कामंच इतकी, तो स्वतःला सांगे.

एके दिवशी सकाळी तो हॉटेलात एकटाच मिसळ खात बसला होता. वर टीव्हीवर कालच्या त्याच्याच बातम्या लागल्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मालकाला सहज सांगितलं, की दुसरं काहीतरी लाव रे. मालकाने वाहिनी बदलली. निवेदक तिथेच बसला आहे, हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. त्याने मान खाली घालून पाव संपवला.

त्याच आठवड्यात वाहिनीच्या चालकाने त्याला बोलावून घेतलं. माणूस सज्जन होता, आडपडदा न ठेवता बोलला. खेळाच्या बातम्या लागल्या की लोक वाहिनी बदलतात, तेव्हा महिनाअखेर हा कार्यक्रम बंद करून त्या वेळेला पाककृती दाखवायच्या असं ठरलं आहे. निवेदक मान डोलावून बाहेर आला आणि जिन्यातच बसला. पोटापाण्याची त्याला चिंता नव्हती, समारंभांत निवेदन करून त्याचं भागलं असतं. त्याला धास्ती पडली ती वेगळीच. दिवसाच्या त्या अर्ध्या तासात आपण कुणाशी तरी बोलतो, तो गेला तर आपल्याला बोलायला या गावात आहे कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पावलं आपोआप गुरुजींच्या घराकडे वळली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गुरुजी खुर्चीत ताठ बसून टीव्ही पाहत होते. पडद्यावर होता तो स्वतः. ओठ हलत होते, हातवारे चालले होते, हसू अगदी शोभेलसं होतं. पण आवाज नव्हता. रिमोट गुरुजींच्या मांडीवर होता. त्यांनी मुद्दाम आवाज बंद केलेला दिसत होता.

निवेदकाच्या मनाला ते फार लागलं. गावाने पाठ फिरवली ते एक वेळ ठीक, पण ज्यांनी जिभेला वळण लावलं त्यांनाही आपला आवाज नकोसा व्हावा? नमस्कार करायचंही त्याला सुचलं नाही. त्याने विचारलं, "गुरुजी, माझं बोलणं इतकं वाईट झालंय का?"

गुरुजींनी त्याला बसायला सांगितलं. मग पडद्याकडे बोट केलं आणि ते म्हणाले, "बोलणं उत्तम आहे. ऐकत राहिलं की मी त्यातच रमतो. म्हणून आवाज बंद करतो. आवाज बंद केला की माणूस कुणाशी बोलतोय ते स्पष्ट दिसतं. बघ बरं, तू कुणाकडे पाहतो आहेस?"

निवेदकाने निरखून पाहिलं. पडद्यावरच्या माणसाची नजर समोर नव्हतीच. ती वीतभर बाजूला, जिथे तो छोटा पडदा होता तिथे लागलेली होती. तो स्वतःशीच बोलत होता, स्वतःकडेच पाहून हसत होता.

गुरुजी शांतपणे पुढे म्हणाले, "ही गेली तेव्हापासून या घरात कुणी येत नाही. आठ वाजता एक माणूस माझ्या डोळ्यांत पाहून बोलायचा, त्यावर माझा दिवस निघायचा. मग तू बाजूला पाहायला लागलास. लोकांना नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण समोरचा आपल्याशी बोलत नाहीये हे प्रत्येकाला कळतं. मी मात्र रोज आठला बसतो आणि सकाळी पुन्हा बसतो. म्हटलं, आज तरी बघेल."

आपण एकटे पडलो म्हणून निवेदक रडगाणं गायला आला होता, आणि इथे एक म्हातारा माणूस इतकी वर्षं त्याच्याच नजरेची वाट पाहत एकटा बसला होता. त्याने गुरुजींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो निघाला.

महिनाअखेर आली. शेवटच्या दिवशी स्टुडिओत गेल्यावर त्याने तो छोटा पडदा भिंतीकडे फिरवून ठेवला. बातमी मोठी नव्हती. गावच्या मुलींचा खो-खोचा संघ अंतिम सामन्यात एका गुणाने हरला होता आणि शेवटची खेळाडू धापा टाकत खांबाला धरून उभी राहिली होती. निवेदकाने काळ्या काचेकडे पाहिलं. क्षणभर ती पहिल्या दिवसासारखी नुसती काच होती. मग खुर्चीत ताठ बसलेले गुरुजी त्याला त्या काचेत दिसले आणि त्याने तो सामना त्यांना सांगितला. सांगता सांगता केसांची बट कपाळावर आली, ती तशीच राहिली. कार्यक्रम संपला. फोन कुणाचा आला नाही, आणि ठरल्याप्रमाणे पुढच्या दिवसापासून त्या वेळेला पाककृती सुरू व्हायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुरुजींच्या दाराशी गेला. दार तसंच लोटलेलं होतं. आतून त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. चांगला मोठ्याने, पार अंगणात येत होता. त्याने बाहेरच डोळे पुसले, मग तो आत गेला. तो काहीतरी बोलणार तोच गुरुजींनी हाताने त्याला गप्प केलं. "थांब जरा," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "तो माझ्याशी बोलतोय."

निवेदक त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. बातम्या संपल्या तरी तो उठला नाही. त्या दिवशी त्याला कुठेही जायचं नव्हतं, आणि गुरुजींनी चहाला आधण ठेवलं ते दोघांचं ठेवलं.